घरचं मैदान आहे, पण आवाज कुठे आहे? बास्केटबॉलच्या थंड प्रेक्षकांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे सामने नियमित पाहणाऱ्याला एक गोष्ट हमखास खटकते. काही शहरांत पहिल्या मिनिटापासून कानठळ्या बसतात. काही ठिकाणी मात्र यजमानांनी लागोपाठ तीन बास्केट टाकल्या, तरी बुटांची फरशीवरची करकर टीव्हीवर स्पष्ट ऐकू येते. मग आपण निकाल देऊन मोकळे होतो, की या शहराला खेळाचं वेडच नाही. मीही बरीच वर्षं असेच निकाल दिले. खालचे प्रश्न मला बास्केटबॉल पाहणाऱ्या मित्रांनी विचारलेले आहेत, आणि दोन-तीन मीच स्वतःला विचारलेले.

थोडक्यात सांगा, घरचे प्रेक्षक थंड का असतात?

बहुतेकदा ते मुळात थंड नसतात, त्यांना थंड केलेलं असतं. तिकिटांचे भाव, शहरात कालपरवा आलेली माणसं, न संपणारा हंगाम ही कारणं आहेतच. पण माझ्या मते सगळ्यात मोठी बाब विश्वासाची आहे. घसा फोडून ओरडायचं तर हा संघ आपला आहे आणि उद्याही आपलाच राहील, असं आधी मनात बसावं लागतं. मालकांनी ते एकदा मोडलं, की खुर्च्या पुन्हा भरतात, पण घसे लवकर उघडत नाहीत.

पण अरेना तर भरलेलं दिसतं. मग उत्साह नाही असं कसं म्हणायचं?

गर्दी आणि आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिकागोचं युनायटेड सेंटर घ्या. जवळपास 21 हजार क्षमतेचं हे अरेना बुल्स संघ मध्यम किंवा त्याहून वाईट खेळत असतानाही भरतं, आणि प्रेक्षकसंख्येच्या यादीत बुल्स वर्षानुवर्षं वरच्या नंबरांत असतात. त्यात मायकल जॉर्डनच्या काळाची पुण्याई आहे, मोठं शहर आहे, लांबून आलेले पर्यटक आहेत. पण जानेवारीतल्या एखाद्या मंगळवारी तिथला आवाज ऐकलात, तर ही माणसं सामना बघायला आली आहेत की वास्तू बघायला, असा प्रश्न पडेल.

शिवाय जाहीर होणारा आकडा साधारणपणे विकल्या गेलेल्या आणि वाटलेल्या तिकिटांचा असतो, प्रत्यक्ष खुर्चीत बसलेल्या माणसांचा नसतो. डेट्रॉइटमध्ये याची फार गमतीशीर अडचण झाली. 2017 मध्ये पिस्टन्स उपनगरातलं जुनं घर सोडून शहराच्या मध्यात नव्या अरेनात आले. तिथल्या खुर्च्या लालभडक. माणूस नसला की रिकामी खुर्ची टीव्हीवर डोळ्यांत खुपायची. उपाय काय, तर सगळ्या खुर्च्या काळ्या करण्यात आल्या. माणसं आणण्यापेक्षा रंग बदलणं सोपं.

कोर्टाला लागून बसतात ती माणसं नेमकी कोण?

ज्यांना परवडतं ती. आणि टीव्हीच्या कॅमेऱ्यात सगळ्यात जास्त दिसतात तीच, ही खरी गोम आहे. खालच्या भागातली पुष्कळ सीझन तिकिटं कंपन्यांच्या नावावर असतात. आज एक ग्राहक, उद्या दुसरा, परवा कार्यालयातलं कुणी तरी. यांना संघाचा सहावा खेळाडू, म्हणजे बाकावरून पहिला आत येणारा, कोण हे माहीत असण्याचं कारण नाही. 2017 च्या कर कायद्यापर्यंत अमेरिकेत कंपन्यांना अशा करमणुकीच्या खर्चाचा निम्मा भाग करातून वजा करता यायचा. 2018 पासून ती सवलत गेली, पण खालच्या रांगांचं रूप फारसं पालटलं नाही.

जे खरोखर ओरडतात ते वर, छताजवळ बसलेले असतात. त्यांचा आवाज खाली येईपर्यंत निम्मा होतो आणि प्रक्षेपणात त्याहून कमी उरतो. त्यामुळे टीव्हीवर शांत वाटलेलं अरेना आत बसलेल्याला तितकं शांत वाटत नाही, हेही लक्षात ठेवा.

लोक उशिरा येतात आणि लवकर उठून जातात, ही मायामी आणि लॉस एंजेलिसची बदनामी खरी आहे का?

खरी आहे, आणि मायामीच्या बाबतीत तर तिला तारीखही आहे. 18 जून 2013, अंतिम मालिकेचा सहावा सामना, मायामी हीट विरुद्ध सॅन अँटोनिओ स्पर्स. शेवटची 28 सेकंद उरली होती आणि स्पर्स 94-89 असे पुढे होते. त्यांनी सामना जिंकला की विजेतेपद त्यांचं. बक्षीस समारंभासाठी कोर्टाभोवती पिवळी दोरी धरायला कर्मचारी येऊन उभे राहिले होते. शेकडो प्रेक्षक उठून बाहेर पडले. आणि मग 5.2 सेकंद बाकी असताना हीटच्या रे ॲलनने कोपऱ्यातून तो थ्री-पॉइंटर (लांबून टाकलेली तीन गुणांची बास्केट) टाकला, सामना 95-95 असा बरोबरीत आला, जादा वेळेत हीट 103-100 ने जिंकले. बाहेर गेलेले लोक परत दारावर आले तेव्हा त्यांना आत घेतलं गेलं नाही. दोन दिवसांनी सातवा सामना आणि विजेतेपदही हीटचंच.

मायामीकरांना हे आजही ऐकून घ्यावं लागतं. पण त्यांच्या बाजूनेही थोडं बोललं पाहिजे. त्या रात्री शेवटपर्यंत ओरडत बसलेले हजारो लोक कुणाच्या लक्षात राहिले नाहीत, निघून गेलेलेच राहिले.

लॉस एंजेलिसचं कारण जास्त साधं आहे. कामाच्या दिवशी संध्याकाळी साडेसातचा सामना आणि त्या शहराची वाहतूक. पहिला क्वार्टर रस्त्यावरच संपतो. त्यातून लेकर्स या तिथल्या संघाच्या घरच्या कोर्टावर उजेड फक्त खेळाडूंवर असतो आणि प्रेक्षक अंधारात, नाटकगृहासारखे. अंधारात बसलेला माणूस प्रेक्षक होतो, पाठीराखा होत नाही. हे माझं मत आहे, पटलं तर घ्या.

यजमानांच्या घरात पाहुण्या संघाचा जयजयकार होतो, तो कसा?

अटलांटा, वॉशिंग्टन, ब्रुकलिन. या तिन्ही ठिकाणी हे वारंवार दिसतं. अटलांटा झपाट्याने वाढलेलं शहर. तिथे कामासाठी आलेला माणूस आपल्या गावचा संघ मनात घेऊनच येतो. शिकागोहून आलेल्याला बुल्स अटलांटात खेळायला आले की सण वाटतो. वॉशिंग्टनमध्ये सरकारी कामामुळे लोकांची सतत ये-जा. कुणी चार वर्षं राहतो, कुणी आठ. तेवढ्यात विझार्ड्सशी नातं जुळायचं कसं? तेही 1978 नंतर एकही विजेतेपद न जिंकलेल्या संघाशी.

ब्रुकलिनची गोष्ट निराळी. तिथली माणसं तिथलीच आहेत, नेट्स हा संघ मात्र 2012 मध्ये न्यू जर्सीहून आला. ब्रुकलिनमधली कुटुंबं तोवर दोन-तीन पिढ्या न्यूयॉर्क निक्सची झाली होती. नेट्सच्या घरी निक्स आले की अर्ध्याहून जास्त आवाज निक्सचा असतो. वडिलांनी लहानपणी खांद्यावर बसवून ज्या संघाचा सामना दाखवला, तो संघ नदीपलीकडे एक नवी इमारत झाली म्हणून सुटत नाही.

संघ हरतो म्हणून लोक गप्प असतात, इतकं सरळ नाही का?

नाही. हरण्याचा परिणाम होतो, पण अपवाद इतके आहेत की नियमच डळमळतो.

अटलांटा हॉक्सने 2014-15 च्या हंगामात 60 सामने जिंकले. त्यात सलग 19 विजय होते, आणि जानेवारीत तर ते एकही सामना हरले नाहीत. शहर जागं झालं, नाही असं नाही. पण ते वेड पुढच्या काही वर्षांत ओसरलं. उलट सॅक्रमेंटो किंग्ज 2006 पासून सलग 16 हंगाम प्लेऑफच्या, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीच्या, बाहेर राहिले आणि तरी तिथले लोक नुसते येतच राहिले नाहीत, ओरडतही राहिले. 15 नोव्हेंबर 2013 ला त्यांनी बंदिस्त क्रीडागृहातल्या गर्जनेचा त्या वेळचा जागतिक विक्रम केला, 126 डेसिबल. संघ तेव्हाही हरणाराच होता.

मग हे आलं कुठून? त्याच वर्षी मे महिन्यात किंग्ज सिएटलला हलवण्याचा प्रस्ताव लीगच्या मालकांनी 22 विरुद्ध 8 मतांनी फेटाळला होता. घरातली वस्तू जाता जाता राहिली की तिची किंमत कळते, तसं ते झालं. शिवाय सॅक्रमेंटोला डिवचलं की ते जास्त पेटतं. लेकर्सचे प्रशिक्षक फिल जॅक्सन यांनी या शहराला गावंढळ ठरवणारी शेरेबाजी केली, तेव्हा लोक चक्क गाईच्या गळ्यातल्या घंटा घेऊन सामन्याला येऊ लागले आणि लेकर्सच्या कानाशी बडवू लागले.

एका हंगामात इतके सामने असतात, त्याचा परिणाम होत असेल ना?

होतो. प्रत्येक संघाचे 82 सामने, त्यातले 41 घरी. 30 पैकी 20 संघांना प्लेऑफ किंवा त्याआधीच्या प्ले-इन सामन्यांत जागा मिळते. म्हणजे डिसेंबरातल्या एका पराभवाने कुणाचं काही बिघडत नाही, आणि प्रेक्षकाला ते पक्कं ठाऊक असतं. त्यात मोठा खेळाडू विश्रांतीसाठी बाहेर बसतो. महिनाभर आधी पैसे मोजून मुलाला घेऊन आलेल्या बापाने कशासाठी ओरडायचं? लीगला हे जाणवलं म्हणून 2023-24 पासून मोठ्या वैयक्तिक पुरस्कारांसाठी किमान 65 सामने खेळण्याची अट आली.

तळाच्या संघांचं आणखी विचित्र. जितकं हराल तितकी पुढच्या वर्षी चांगला नवा खेळाडू मिळण्याची शक्यता जास्त. 2019 पासून तळाच्या तीन संघांना नव्या खेळाडूंमधून पहिल्या निवडीची सारखीच 14 टक्के संधी असते, म्हणजे तळ गाठण्याचा फायदा थोडा घटवला आहे. पण मार्चमध्ये आपला संघ जिंकला तर आनंद मानायचा की हळहळायचं, हे ज्या पाठीराख्याला कळत नाही, त्याच्याकडून आरोळीची अपेक्षा करू नका.

एकेकाळी गाजणारं शहर थंड पडतं, असं कधी झालंय का?

शार्लट. या सगळ्या विषयावर एकच उदाहरण द्यायचं झालं तर मी हेच देईन.

1988 मध्ये शार्लट हॉर्नेट्स हा नवा संघ सुरू झाला. घरचं अरेना सुमारे 24 हजारांचं, बास्केटबॉलसाठी प्रचंड. पहिल्याच सामन्यात क्लीव्हलँडने त्यांना 40 गुणांनी धुतलं, आणि सामना संपल्यावर प्रेक्षकांनी उभं राहून आपल्या हरलेल्या संघाला टाळ्या दिल्या. पहिल्या हंगामात 20 विजय, 62 पराभव, आणि प्रेक्षकसंख्येत लीगमध्ये पहिला नंबर. पुढे सलग 364 सामन्यांची सगळी तिकिटं संपली. लॅरी जॉन्सन, अलोन्झो मॉर्निंग, ठेंगणा मग्सी बोग्स हे तिथले लाडके खेळाडू. जांभळा-निळसर तो पोशाख नव्वदच्या दशकात शार्लटचं नावही न ऐकलेल्या मुलांच्या अंगावर दिसायचा.

मग मोडतोड सुरू झाली. 1995 मध्ये मॉर्निंगला दुसरीकडे पाठवलं, पुढच्या वर्षी जॉन्सनला. मालक आणि शहर यांचे संबंध बिघडत गेले. जेमतेम दहा-बारा वर्षांचं अरेना मालकाला अपुरं वाटू लागलं, आणि नवीन बांधून द्या अशी मागणी आली. 2001 च्या सार्वमतात शहराने नाही म्हटलं. लोकांनी येणं थांबवलं. संघ प्लेऑफ खेळत होता तरी शेवटच्या हंगामात खुर्च्या ओस पडल्या होत्या. 2002 मध्ये हॉर्नेट्स न्यू ऑर्लिन्सला निघून गेले.

दोन वर्षांनी शार्लटला बॉबकॅट्स नावाचा नवा संघ मिळाला. पहिल्या मालकाचं नाव बॉब, ही टिंगल शहराने यथेच्छ केली. 2011-12 च्या छोट्या हंगामात त्यांनी 66 पैकी 7 सामने जिंकले. एनबीएच्या इतिहासात विजयांचं इतकं वाईट प्रमाण आणखी कुणाचं नाही. 2014 मध्ये हॉर्नेट्स हे जुनं नाव परत आलं, रंग परत आले, 24 हजारांची ती गर्जना काही परत आली नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. शार्लटचे लोक गेली वीसहून अधिक वर्षं फुंकत आहेत, आणि मला त्यात त्यांची चूक दिसत नाही.

संघ शहर सोडून जातात, याचा एवढा परिणाम होतो?

सिएटलच्या माणसाला विचारा. सुपरसॉनिक्स 1967 पासून 41 हंगाम तिथे होते, 1979 चे विजेते. 2006 मध्ये संघ विकला गेला आणि 2008 मध्ये ओक्लाहोमा सिटीला गेला. शहराशी असलेला करार मोडण्यासाठी नव्या मालकांनी 4 कोटी 50 लाख डॉलर दिले. 41 वर्षांच्या सवयीची ती किंमत.

न्यू ऑर्लिन्सने तर दोन्ही अनुभव घेतले. जॅझ हा संघ मूळचा त्यांचा. 1979 मध्ये तो युटाला गेला, नावासकट. सॉल्ट लेक सिटीचा संघ जॅझ का म्हणवतो हे कोडं तिथून आलेलं आहे. मग 2002 मध्ये शार्लटचा उसना संघ आला. 2005 च्या कॅटरिना चक्रीवादळामुळे तो दोन हंगाम बहुतेक घरचे सामने ओक्लाहोमा सिटीत खेळला. आणि त्या शहरात बास्केटबॉल चालतं हे लीगला दिसलं ते तेव्हाच. न्यू ऑर्लिन्सचं मन अमेरिकन फुटबॉलच्या सेंट्स संघाकडे आहे हे खरंच. पण आधी एक संघ गेला, दुसरा पाहुणा म्हणून आला आणि लगेच बाहेर राहायला गेला, अशा घरात जिव्हाळा मुरायला वेळ लागणारच.

काही छोटी शहरं एवढी ओरडतात कशी?

एकच संघ. पोर्टलँड, सॉल्ट लेक सिटी, ओक्लाहोमा सिटी, सॅक्रमेंटो. या शहरांत मोठ्या लीगचा संघ म्हणजे वर्षानुवर्षं बास्केटबॉलच होता किंवा आहे. जे काही प्रेम, राग, अभिमान असेल ते एकाच भांड्यात पडतं. पोर्टलँडमध्ये 1977 च्या विजेतेपदापासून 1995 पर्यंत सलग 814 सामन्यांची तिकिटं संपत होती, साडेबारा हजारांच्या छोट्या मेमोरियल कोलिझियममध्ये. ओक्लाहोमा सिटीत यजमानांची पहिली बास्केट पडेपर्यंत लोक बसत नाहीत. पहिले तीन-चार नेम चुकले तरी उभेच. खेळाडूंची काय अवस्था होत असेल!

मोठ्या महानगरात बास्केटबॉलच्या वाट्याला आठवड्याची उरलेली संध्याकाळ येते.

नवीन आलिशान अरेना बांधलं की आवाज कमी होतो, असं म्हणतात. खरं?

गोल्डन स्टेट वॉरियर्सच्या बाबतीत हे मीही म्हणत असे. ओकलंडचं ओरॅकल अरेना इतकं गर्जायचं की त्याच्या नावातच डरकाळी घुसवून लोकांनी 'रोअरॅकल' केलं होतं. 2007 च्या प्लेऑफमध्ये आठव्या क्रमांकाच्या वॉरियर्सनी 67 सामने जिंकलेल्या डॅलसला हरवलं, तेव्हाचे प्रेक्षक पाहिले की अजून काटा येतो. 47 वर्षांनंतर 2019 मध्ये संघ खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्कोत चेस सेंटरमध्ये गेला. सीझन तिकीट हवं असेल तर आधी सदस्यत्वाची मोठी रक्कम भरायची, ती 30 वर्षांनी परत, बिनव्याजी. ओकलंडच्या जुन्या पाठीराख्यांपैकी अनेकांना हे झेपलं नाही. आवाज बदलला.

म्हणून मी इमारतीला दोष देत होतो. मग 2025 मध्ये त्याच चेस सेंटरमध्ये व्हॅल्किरीज हा महिलांच्या लीगमधला नवा संघ आला. पहिल्या हंगामाचे सगळे 22 घरचे सामने हाउसफुल्ल, दर वेळी 18,064 माणसं, आणि गोंगाट असा की ही तीच वास्तू का, असं वाटावं. भिंती त्याच, छत तेच. तिकिटं वॉरियर्सपेक्षा पुष्कळ स्वस्त होती, आणि आलेली माणसं वेगळी होती. माझा सिद्धांत तिथे कोसळला.

सतत संगीत, कॅमेरे, टी-शर्ट फेकणाऱ्या बंदुका. हे सगळं उत्साहासाठीच असतं ना?

हेतू तोच. पण प्रेक्षकाला दर वेळी "आता ओरडा" असं पडद्यावर लिहून दाखवलं, की तो पडद्याने सांगितल्याशिवाय ओरडेनासा होतो. 5 मार्च 2017 ला निक्सनी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एक प्रयोग केला. वॉरियर्सविरुद्ध पहिल्या हाफमध्ये संगीत नाही, व्हिडिओ नाही, काही नाही. फक्त खेळ. खेळाडूंनाच ते विचित्र वाटलं, वॉरियर्सचा ड्रेमंड ग्रीन तर जाहीरपणे वैतागला. दुसऱ्या हाफला सगळं पुन्हा सुरू.

उसनं अवसान कुठवर जातं याचा कळस अमेरिकन फुटबॉलमध्ये झाला. अटलांटा फाल्कन्सनी 2013 आणि 2014 च्या हंगामांत ध्वनिमुद्रित गर्जना वाजवली, पकडले गेले, आणि साडेतीन लाख डॉलर दंड भरून वर नव्या खेळाडूची एक निवडही गमावली.

युरोपात बास्केटबॉलचे प्रेक्षक गातात, ढोल बडवतात. अमेरिकेत ते का होत नाही?

कारण तिथे क्लब ही वेगळीच चीज आहे. बेलग्रेडचे पार्टिझान आणि रेड स्टार, अथेन्सचं पानाथिनाइकोस, शेजारच्या पिरेअसचं ऑलिंपियाकोस हे अनेक खेळांचे क्लब आहेत. फुटबॉलला गाणारे तेच लोक, तीच गाणी घेऊन बास्केटबॉलला येतात. गोलपोस्टमागच्या कट्ट्याची सवय बास्केटमागे येते. कुणी मालक उठून पार्टिझान दुसऱ्या शहरात नेईल ही कल्पनाच तिथे हास्यास्पद आहे.

लिथुएनियाच्या काउनासमध्ये आणखी एक थर आहे. सोव्हिएत काळात झाल्गिरिस संघाने 1985, 1986 आणि 1987 अशी सलग तीन वर्षं सोव्हिएत विजेतेपद मिळवलं, आर्विडास साबोनिससारखा खेळाडू घेऊन, मॉस्कोच्या लष्करी क्लबला मागे टाकून. ज्यांना स्वतःचा झेंडा उघडपणे फडकवता येत नव्हता, त्यांच्यासाठी तो संघच झेंडा होता. अशी मुळं विकत आणता येत नाहीत.

याची काळी बाजूही आहे. फटाके, फेकाफेक, आणि काही लढतींना पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांना प्रवेशच नाही. शांत अरेनात मुलाला निर्धास्त घेऊन जाता येतं, हा फायदा थोडका नाही.

अमेरिकेतच कॉलेजच्या सामन्यांना मग एवढा जल्लोष कसा?

तिथे संघ बदलत नाही, गाव बदलत नाही, आणि विद्यार्थी कोर्टाला खेटून उभे असतात. ड्यूक विद्यापीठाचं कॅमेरॉन इनडोअर फक्त 9,314 जणांचं, पण मोठ्या सामन्याच्या जागेसाठी विद्यार्थी बाहेर तंबू ठोकून राहतात. हे त्याच नॉर्थ कॅरोलायना राज्यात, जिथे शार्लट आहे. बास्केटबॉलचं वेड नाही असा आरोप शार्लटवर करणाऱ्यांनी नकाशा एकदा बघावा.

प्रेक्षकांच्या आवाजाने निकालात फरक पडतो का, की हे आपलं मनाचं समाधान?

पडतो, पण वाटतो तितका नाही. एनबीएत यजमान पूर्वी 60 टक्क्यांहून अधिक सामने जिंकायचे. कोविडमुळे रिकाम्या किंवा अर्ध्या-रिकाम्या अरेनांत खेळल्या गेलेल्या 2020-21 च्या हंगामात हे प्रमाण 54 टक्क्यांच्या आसपास आलं. लगेच निष्कर्ष काढू नका, कारण प्रेक्षक परतल्यावरही ते काही हंगाम तिथेच घुटमळलं. थ्री-पॉइंटरचा वाढलेला वाटा, सुखकर झालेला प्रवास अशी कारणं दिली जातात. पंचांवर गर्दीचं दडपण येतं, यावर मात्र बऱ्यापैकी एकमत आहे.

क्लबने काय केलं तर आवाज परत येईल?

लॉस एंजेलिस क्लिपर्सचं उत्तर सगळ्यात महागडं आहे. 1999 पासून ते लेकर्सच्याच अरेनात भाडेकरूसारखे राहत होते. लेकर्सचे विजयध्वज त्यांच्या सामन्याच्या दिवशी झाकून ठेवायची वेळ यायची. 2014 मध्ये 2 अब्ज डॉलरला संघ विकत घेतलेल्या स्टीव्ह बामर यांनी जवळपास तितक्याच खर्चाने इंगलवुडमध्ये इंट्युइट डोम बांधलं, 2024 मध्ये ते सुरू झालं. एका बास्केटमागे सलग 51 रांगांची 'द वॉल'. मध्ये श्रीमंतांच्या खोल्या नाहीत, आणि पाहुण्या संघाचा पोशाख घालून तिथे बसता येत नाही. शौचकूप आणि मुताऱ्या मिळून हजाराहून जास्त, म्हणजे रांगेत उभं राहून खेळ चुकायला नको. बामर स्वतः सामन्यात असे बेभान होतात की कॅमेरे त्यांच्यावरच असतात.

मला यातली भिंत आवडली. ओरडणारी माणसं एकत्र, खाली, बास्केटजवळ आणि परवडेल अशा भावात बसवा, हे त्यामागचं साधं गणित आहे. त्यासाठी 2 अब्ज डॉलर लागत नाहीत. महागड्या दोन-चार रांगांवर पाणी सोडावं लागतं, आणि ते मालकांच्या जिवावर येतं.

दुसरं, सामना घरी दिसू द्या. कित्येक वर्षं स्थानिक सामने पैसे भरायच्या वाहिन्यांवर अडकले होते. 2023 मध्ये अशा वाहिन्यांची सगळ्यात मोठी कंपनी दिवाळखोरीत गेली. त्याच वर्षी फिनिक्स सन्स आणि युटा जॅझ पुन्हा फुकट दिसणाऱ्या स्थानिक वाहिन्यांवर आले. ज्या मुलाने संघ पाहिलाच नाही, तो मोठेपणी त्याच्यासाठी ओरडेल कसा?

गप्प बसलेल्या प्रेक्षकांना संघाची काहीच पडलेली नाही, असं समजायचं का?

2023 च्या ऑक्टोबरअखेरपासून डिसेंबरअखेरपर्यंत डेट्रॉइट पिस्टन्स सलग 28 सामने हरत गेले. त्या दिवसांत महिनोन्महिने मरगळलेल्या त्यांच्या अरेनात एकदम एक घोषणा उठली, "संघ विकून टाका." 2025 च्या फेब्रुवारीत डॅलस मॅव्हरिक्सने लुका डॉन्चिच या आपल्या सगळ्यात मोठ्या खेळाडूला लेकर्सकडे पाठवलं, तेव्हा पाठीराखे अरेनाबाहेर शवपेटी घेऊन जमले, आणि पुढे कित्येक सामन्यांत फ्री थ्रोच्या शांततेत महाव्यवस्थापकाला काढून टाकण्याच्या घोषणा घुमत राहिल्या. नोव्हेंबरमध्ये त्यांना खरंच काढलं. ज्याला काहीच पडलेली नसते तो पार्किंगचे पैसे भरून शिव्या द्यायला येत नाही.

आणि 2024-25 च्या हंगामात पिस्टन्स आदल्या हंगामातल्या 14 विजयांवरून 44 वर गेले. प्लेऑफमध्ये निक्स तिथे खेळायला आले, तेव्हा त्या काळ्या खुर्च्या दिसतच नव्हत्या. सगळे उभे होते.